तिसऱ्या राउंडचा पडाव

ही हकिकत मी खात्यातल्या मित्रांना पुष्कळदा सांगितली आहे आणि दर वेळी अर्धीच सांगितली आहे. जिथं ऐकणारे पोट धरून हसतात तिथं मी थांबत असे. पुढचा भाग आजवर कोणालाच सांगितलेला नाही, घरातही नाही. आता नोकरी संपली, वर्दी जमा केली, आणि ती अर्धी गोष्ट मात्र माझ्यापाशीच राहिली. म्हणून लिहितो. नावं कोणाचीच देत नाही. दोष ज्याचा आहे त्याचं नाव लेखाखाली छापलेलं असेलच.

तेव्हा मी कुलाबा जिल्ह्यातल्या किनाऱ्यावरच्या एका ठाण्यात फौजदार होतो. मूळचा साताऱ्याकडचा. समुद्र पहिल्यांदा पाहिला तोही बदलीच्या हुकमामुळे. दारूबंदीचे दिवस होते. चोरटी दारू, घड्याळं, क्वचित सोनं, सगळं समुद्रातून यायचं आणि बहुतेक वेळा पडावातून यायचं. पडाव म्हणजे माल वाहणारं मोठं शिडाचं गलबत. शेजारच्या ठाण्यांनी एकेक पडाव पकडला होता, आमच्या ठाण्याच्या नावावर काही नव्हतं. डी.एस.पी. साहेब प्रत्येक मीटिंगमध्ये मला विचारायचे, "तुमच्याकडे काय समुद्र आटलाय का?"

जत्रेच्या आधी मुंबईहून रेवसच्या लाँचनं एक माणूस आला. नाक बसलेलं, गळ्यात बो, अंगात उसवलेला कोट. त्याला सगळे मॅनेजर म्हणत. जत्रेत बॉक्सिंगचा खेळ लावायला त्याला परवाना हवा होता. परवाना कुस्तीचा असतो, तमाशाचा असतो, जादूच्या प्रयोगांचा असतो. बॉक्सिंगचं काय करायचं ते मला कळेना.

आमचे जमादार हवालदारीतून वर आलेले जुने गृहस्थ. ते म्हणाले, "साहेब, दोन माणसं सगळ्यांदेखत तोंडं फोडणार. आपण एरवी ह्याला काय कलम लावतो?"

मॅनेजर हसला. "लावा, कलम लावा. निदान कोर्टात तरी पब्लिक येईल." मग खुर्ची पुढं ओढून म्हणाला, "खरं सांगू का साहेब? गोरा सोल्जर बोटीत बसून गेला आणि माझा पब्लिक त्याच्याबरोबर गेला. मुंबईत एकेकाळी तिकिटाला झुंबड उडायची. आता लोकांना बुरखेवाला पैलवान पाहिजे. तो समोरच्याला डोक्यावर उचलतो, आपटतो, आपटलेला उठून नाचतो. माझा बॉक्सर खरा मार खातो, तर लोक जांभया देतात. म्हटलं, किनाऱ्यावर नवा पब्लिक बघावा."

मी परवान्यावर 'उभ्या कुस्तीचा खेळ' असं लिहून सही केली.

मॅनेजरच्या हाताशी तेव्हा कामाचे दोनच बॉक्सर उरले होते. एक मुंबईच्या रेल्वे वसाहतीतला गोरटेला गडी. दुसरा आमच्याच कोळीवाड्यातला. मुंबईच्या गोदीत खलाशी म्हणून गेला असताना तिथल्या एका म्हाताऱ्या गोवेकर उस्तादानं त्याला हा खेळ शिकवला. जाहिरातीवर त्याचं नाव 'टायगर' असं असे, तेच इथं वापरतो. तिशी उलटलेली, खांदे कोळ्याचे, बोलणं जेवढ्यास तेवढं. कोळीवाड्याला त्याचा अभिमान होता, पण तो नेमकं काय करतो हे तिथं कोणाला ठाऊक नव्हतं. हातातल्या त्या फुगीर चामडी मोज्यांना बायका 'उश्या' म्हणायच्या.

ह्या खेळाला एक पाहुणा येणार होता. तो कोलंबोकडे बॉक्सिंगचे खेळ लावत असे आणि दोघांपैकी एकाला तिकडे नेणार होता. पोट भरेल असं बॉक्सिंग त्यांच्यासाठी आता तिकडेच उरलं होतं. जो जिंकेल तो बॉक्सर राहील, हरेल त्यानं बुरखा तरी घालावा नाही तर होडीवर जावं, असा तो सरळ हिशेब होता. हे सगळं मला नंतर कळलं. आधी मला कळली ती खबर.

बंदरावर चहाचं दुकान चालवणारा आमचा एक खबऱ्या होता. आदल्या दिवशी तो ठाण्यात आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "सायब, उद्या टायगरनी पराव, असा ठरलाय. तंबूमागं मॅनेजर न तो बोलत व्हते, म्या सोता आयकला."

आता थोडं ह्या भाषेबद्दल सांगायला हवं. किनाऱ्यावरच्या कोळी-आगऱ्यांच्या बोलीत 'ड'चा 'र' होतो. गाडीला ते गारी म्हणतात, घोड्याला घोरा, वाड्याला वारा. पहिले काही महिने मला काही उमगत नसे. मग ही खूण सापडली आणि आपण ह्यांची भाषा शिकलो असं मला वाटू लागलं. तेव्हा पराव म्हणजे पडाव! टायगरनं पडाव ठरवलाय. मुंबईच्या गोदीतला माणूस, मुंबईचा मॅनेजर, जत्रेची गर्दी. सगळं जागच्या जागी बसलं.

जमादार म्हणाले, "साहेब, त्याला एकदा परत विचारू का? नक्की काय ऐकलं ते?"

"जमादार, मला आता ह्यांचं बोलणं कळतं," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही टायगरला घरातून उचललं. झडती घेतली. जाळी, एक आरसा, दोन जुन्या 'उश्या'. तो विरोध न करता चालत आला. वाटेत एवढंच म्हणाला, "सायब, सांजच्याला सोराल ना? मना खेलाचा हाय."

ठाण्याच्या मागच्या खोलीत मी त्याला उभं केलं. जी प्रश्नोत्तरं झाली ती जशीच्या तशी देतो. मित्रांना हीच सांगायचो.

"पडाव ठरलाय म्हणे?"

तो चपापला. "तुमाला कुनी सांगितला?"

"आम्हाला सगळं कळतं. ठरलाय की नाही?"

"ठरलाय. पन मी न्हाय बोललो."

"कुठं?"

"तंबून. आनखीन कया?"

तंबूत माल उतरवणार! मी जमादारांकडे पाहिलं. "कधी?"

"तिसऱ्या राउंडला."

इथं माझं डोकं तापलं. ठाण्याच्या भाषेत राउंड म्हणजे गस्त. बंदरावर आमचे शिपाई गस्तीला जात, आणि तिसरा राउंड संपला की बराच वेळ किनारा मोकळा राही. ही गोष्ट ठाण्याबाहेर कोणाला माहीत असायचं कारण नव्हतं. म्हणजे आतलाच कोणी फुटला होता.

"तिसऱ्या राउंडचं तुला कोणी सांगितलं?"

"मॅनेजरनी."

"त्याला कोणी सांगितलं?"

"त्याला कोन सांगल? त्योच ठरवतो, कंच्या राउंडला काय ते."

"आमच्यातलं कोण आहे त्याच्यात?"

"तुमच्यातला?" तो गोंधळून जमादारांकडे पाहू लागला. "तुमच्यातला कोन बाक्सिंग खेलतो?"

कोपऱ्यातला शिपाई खुदकन हसला. मला वाटलं, हा माणूस माझी टवाळी करतोय. चौकशीतला माझा एक ठोकताळा होता. अडखळत आलेलं उत्तर बहुधा खरं असतं, चटकन आलेलं पाठ केलेलं असतं. टायगरची उत्तरं चटकन येत होती. ती खरी असल्यामुळं चटकन येत असतील, हे माझ्या ठोकताळ्यात बसत नव्हतं.

मित्रांना गोष्ट सांगताना मी इथून एकदम त्याच्या बायकोच्या येण्यावर जायचो. मधे काय झालं ते असं.

मी जमादारांना आणि शिपायाला बाहेर पाठवलं. कोपऱ्यातला दंडुका घेतला. "हात पुढं कर," म्हणालो. त्यानं डावा हात पुढं केला, तळवा वर. मी म्हणालो, "उजवा. आणि उलटा." त्यानं माझ्याकडे पाहिलं. मार चुकवणं हा त्या माणसाचा धंदा होता. त्यानं हात नुसता मागं घेतला असता तरी माझ्यासारख्या दहा जणांना तो सापडला नसता. त्यानं उजवा हात पुढं केला, उलटा, आणि तसाच धरून ठेवला. मी त्याच्या बोटांच्या पेरांवर मारलं. पुन्हा मारलं. "आतला माणूस कोण?" विचारत राहिलो. तो ओरडला नाही. शेवटी एकदा कच्च आवाज झाला, तो मी ऐकला, आणि मी थांबलो.

तेवढ्यात पुढच्या बाजूनं आरडाओरडा ऐकू आला. टायगरची बायको आली होती. डोक्यावर मासळीची पाटी तशीच, बाजारातून तडक आलेली.

"कया हाय फौजदार? माज्या दाल्ल्याला कशापायी आनलाव? चोरी केली का त्यानी?"

मी बाहेर आलो. "बाई, तुझ्या नवऱ्यानं पडाव ठरवलाय."

"पराव?" तिनं पाटी दणकन खाली ठेवली. "त्यानी न्हाय ठरवला, त्या नकट्या मॅनेजरनी ठरवला! माजा नवरा न्हाय बोलला त्याला. परनार न्हाय बोलला, हात तुटला तरी परनार न्हाय!"

"म्हणजे पडाव येणार आहे?"

"कंचा पराव? कया येनार?" ती जमादारांकडे वळली. "ह्यो काय बोलतो ओ?"

जमादारांच्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. त्यांनी एक बोट जमिनीकडे केलं आणि हळूच म्हणाले, "साहेब, पडाव नव्हे. पडावं. टायगरनं तिसऱ्या राउंडला खाली पडावं, असं मॅनेजरनं ठरवलं होतं. गोरटेल्याला जिंकवायचं म्हणून. आणि हा नाही म्हणाला."

 मग शिपाई हसला, मग जमादार, मग मी. बायको कमरेवर हात ठेवून म्हणाली, "गलबत शोदाला माज्या घरान घुसलाव व्हय? चुलीत बगितलाव का? तया लपवलाय!" त्यावर सगळं ठाणं हसलं. मागच्या खोलीच्या दारात टायगर येऊन उभा होता. तोही हसला. उजवा हात त्यानं पाठीमागं धरला होता.

हसण्यात सगळं निभावलं. मी त्याला म्हणालो, "जा, खेळ आता." हाताबद्दल मी काही बोललो नाही, तोही बोलला नाही. डायरीत 'चौकशी करून सोडले' असं लिहिलं.

ही गोष्ट गावात शिपायांनी पसरवली असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो. ते खोटं आहे. ती प्रथम मी सांगितली. दुपारी मामलेदार कचेरीत कामाला गेलो होतो, तिथं सगळ्यांसमोर सांगितली. पडाव आणि पडावं, राउंड आणि राउंड. कारकून टेबलावर डोकं ठेवून हसले. गोष्ट आटोपशीर व्हावी म्हणून मी त्यातून दोन गोष्टी गाळल्या. एक, दंडुका. दुसरी, तो पडायला नाही म्हणाला होता. ती सांगितली असती तर गमतीची धार गेली असती. सायंकाळपर्यंत बाजारात, बंदरावर, कोळीवाड्यात सगळ्यांच्या तोंडी एकच होतं: टायगरनं पडायचं ठरलंय.

खेळ दिवे लावायच्या वेळी सुरू झाला. वाळूवर तंबू, सुपारीच्या खांबांना होड्यांचे दोर ताणलेले, खाली पेंढा आणि वर शिडाचं जुनं कापड. बंदोबस्ताला म्हणून मी पुढच्या खुर्चीत बसलो. माझ्या शेजारी कोलंबोचा पाहुणा, पांढऱ्या बुटांतला. अख्खा कोळीवाडा मागं बसला होता.

पहिला राउंड लोकांना कळलाच नाही. दोघं जवळ येऊन एकमेकांना धरत तेव्हा मागून ओरडा होई, "अरं, लगीन लावताव का कुस्ती?" टायगर नुसत्या डाव्या हातावर खेळत होता, उजवा हनुवटीपाशी गोठल्यासारखा. पाहुणा मला इंग्रजीत म्हणाला, "ह्याचा उजवा चांगला आहे असं ऐकलं होतं. तो काढत का नाही?" मी मागं वळून गर्दीकडे बघू लागलो.

दुसऱ्या राउंडमध्ये त्यानं एकदाच उजवा मारला. लागलाही. गोरटेला दोरावर गेला. तंबूतला प्रत्येक माणूस गोरटेल्याकडे बघत होता. मी टायगरचा चेहरा बघत होतो. मार ज्यानं दिला त्याचाच चेहरा मार खाल्ल्यासारखा झालेला मी त्यापूर्वी पाहिला नव्हता.

तिसरा राउंड सुरू होताच मागून कोणीतरी ओरडलं, "पर आता! येल झाली!" मग हशा. मग सगळीकडून सुरू झालं, "पर! पर! पराव ठरलाय!" बायका, म्हातारे, त्याच्या भावकीतले सुद्धा. तो मात्र पडेना. उजवा हात आता वर राहत नव्हता, आणि त्या उघड्या बाजूनं गोरटेला मारत होता. तरी टायगर खूप वेळ उभा राहिला. शेवटी गुडघ्यावर आला, आणि मग आडवा झाला.

टाळ्या पडल्या. त्या जिंकणाऱ्यासाठी नव्हत्या. ठरल्याप्रमाणे झालं म्हणून होत्या. नाटकात पडदा पडल्यावर वाजवतात तशा.

मी खुर्चीतून उठून दोन वाक्यं बोलू शकलो असतो. हा ठरवून पडलेला नाही. ह्याचा हात मी मोडला आहे. मी बंदोबस्त बघत उभा राहिलो आणि गर्दी शांतपणे बाहेर जाईल अशी व्यवस्था केली.

कोलंबोला गोरटेला गेला. टायगर होडीवर गेला. काही महिन्यांनी बंदरावर तो मला दिसला. इतर जण दोर ओढत होते, तो डाव्या हातानं टोपल्या सारत होता. मी जवळ गेलो.

"हात कसा आहे?"

"हाय, सायब."

"तू लोकांना सांगितलं का नाहीस? ठाण्यात काय झालं ते?"

त्यानं टोपली खाली ठेवली. "दोरीच्या आत गेला का मंग हात दुकतो बोलाचा नस्ता. आमच्या उस्तादानी शिकवलाय." मग म्हणाला, "सायब, ह्यो खेल परत येल का हो आपल्याकरं?"

"येईल की," मी म्हणालो.

मला त्यातलं काही कळत नव्हतं. पुढच्या जत्रेला मॅनेजर पुन्हा आला, ह्या वेळी बुरखेवाले पैलवान घेऊन. टायगरला त्यानं एक बुरखा देऊ केला होता, तो त्यानं घेतला नाही. परवान्यावर सही घेताना मॅनेजर मला म्हणाला, "साहेब, ह्यात कोण कधी पडणार ते आधीच ठरलंय. सगळ्या पब्लिकला माहीत आहे. आणि पब्लिक खूश आहे!" तंबू भरून वाहिला. आमच्या बाजूला बॉक्सिंगचा खेळ त्यानंतर लागल्याचं मला माहीत नाही. मुंबईतही आता ते शाळा-कॉलेजात आणि पलटणीत हौशीनं चालतं म्हणतात. पोटासाठी ते करणारा माणूस मला गेल्या कित्येक वर्षांत भेटलेला नाही. पुढं ह्या खेळाचं काय होणार हे जाणत्यांनी सांगावं.

ह्या प्रकरणानं मला काय शिकवलं हे लिहायची अशा लेखांत रीत आहे. मी बराच विचार केला, पण सरळ उत्तर हाती लागत नाही. खबर पुन्हा विचारून घ्यावी, हे शिकलो. पण ते तर जमादारांना आधीच माहीत होतं. तो खेळ तसाही बुडत होता. सोल्जर मी घालवले नाहीत, बुरखे मी आणले नाहीत. तरी एका किनाऱ्यावर, एका संध्याकाळी, खरा मार खाणाऱ्या माणसाला लोकांनी सोंगाड्या ठरवलं, आणि ते माझ्या तोंडून निघालेल्या विनोदामुळे. ह्यातला माझा वाटा केवढा, हे मला मोजता येत नाही. तो गप्प राहिला तो उस्तादाच्या शिकवणीमुळे की वर्दीच्या भीतीमुळे, हेही मला ठरवता आलेलं नाही. कधी एक वाटतं, कधी दुसरं. शिकवण असेल तर तो माझ्यापेक्षा मोठा माणूस. भीती असेल तर मी समजतो त्याहून लहान.

तो अजून आहे, त्याच कोळीवाड्यात आहे, असं कळतं. पडला म्हणून त्याला आजही चिडवतात आणि त्याच्या मुलांनाही चिडवतात, असंही कळतं. हा लेख तिथं कोणी वाचणार नाही. मला स्वतः तिथं जाऊन, त्याच्या भावकीसमोर उभं राहून, त्याचा हात मी मोडला आणि तो ठरवून पडला नाही, एवढं सांगायचं आहे. अजून मी गेलेलो नाही.